मार्चमध्ये किती? तारखेनुसार नोंदी मोजण्याची रीत

१. साधा प्रश्न, दोन उत्तरे

‘मार्च महिन्यात किती नोंदी झाल्या?’ हा प्रश्न कार्यालयात, दवाखान्यात, वाचनालयात किंवा दुकानात रोज कोणीतरी विचारतो. कागदी रजिस्टर असेल, तर कारकून पाने उलटून पेन्सिलीने खुणा करतो. नोंदी संगणकावरील डेटाबेसमध्ये असतील, तर हीच मोजणी एका ओळीच्या सूचनेने होते. ती ओळ नीट लिहिली नाही, तरीही संगणक उत्तर देतोच, आणि चुकीचे उत्तर दिसायला बरोबर उत्तरासारखेच असते. म्हणून तारखेनुसार मोजणी करताना आकड्याआधी प्रश्न नेमका करावा लागतो: कोणती तारीख, कुठून सुरू, कुठे संपली?

एका नगरपालिकेच्या जन्मनोंदणीचा छोटा, काल्पनिक नमुना पुढे दिला आहे. प्रत्येक नोंदीत दोन तारखा आहेत. पहिली बाळाच्या जन्माची, दुसरी ती नोंद रजिस्टरमध्ये चढल्याची. दुसऱ्या तारखेसोबत वेळही साठवली आहे.

नोंद १ : जन्म २६ फेब्रुवारी २०२३, नोंदणी १ मार्च २०२३, सकाळी १०.१५
नोंद २ : जन्म २७ फेब्रुवारी २०२३, नोंदणी ६ मार्च २०२३, दुपारी १२.४०
नोंद ३ : जन्म १० फेब्रुवारी २०२३, नोंदणी १७ मार्च २०२३, सकाळी ११.०५
नोंद ४ : जन्म ८ मार्च २०२३, नोंदणी ३१ मार्च २०२३, दुपारी ४.५०
नोंद ५ : जन्म २८ मार्च २०२३, नोंदणी ३ एप्रिल २०२३, सकाळी ११.३०
नोंद ६ : जन्म ३० मार्च २०२३, नोंदणीचा रकाना रिकामा, कारण कागदपत्रे अजून अपुरी

मार्चमध्ये किती? जन्मतारीख धरली तर ४, ५ आणि ६ या तीन नोंदी येतात. नोंदणीची तारीख धरली तर १, २, ३ आणि ४ या चार. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. लसीकरणाची आखणी करणाऱ्याला पहिले हवे असते, कार्यालयाच्या कामाचा हिशेब मागणाऱ्याला दुसरे. मोजणीतील बरेच वाद इथेच उगम पावतात. दोघे वेगवेगळे रकाने मोजतात आणि आकडा जुळत नाही म्हणून यंत्राला दोष देतात.

२. यंत्राच्या दृष्टीने तारीख

माणसाला तारीख म्हणजे दिवस, महिना आणि वर्ष असे तीन भाग दिसतात. बहुतेक संगणक प्रणाली मात्र आतल्या आत तारखेची एकच संख्या करून ठेवतात. महामार्गावर एका ठरावीक ठिकाणापासून किलोमीटरचे दगड रोवलेले असतात, तसा हा हिशेब असतो: एक आरंभबिंदू धरायचा आणि तिथून किती दिवस पुढे आलो ते लिहायचे. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० हा पहिला दगड. त्या हिशेबाने १ मार्च २०२३ म्हणजे ४४,९८६ आणि ३१ मार्च २०२३ म्हणजे ४५,०१६. वेळ ही दिवसाचा अपूर्णांक म्हणून दशांशचिन्हानंतर येते. नोंद ४ ची नोंदणी ३१ मार्चला दुपारी ४.५० वाजता झाली. ती साधारण ४५,०१६.७०१४ अशी साठवली जाते, कारण तोपर्यंत दिवसाचा ७० टक्क्यांहून थोडा अधिक भाग सरलेला असतो.

आरंभबिंदू सगळीकडे सारखा नाही. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये शून्य म्हणजे ३० डिसेंबर १८९९. युनिक्सच्या परंपरेतील प्रणाली १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासूनचे सेकंद मोजतात. एक्सेलमध्ये तर एक ऐतिहासिक चूकही जपून ठेवलेली आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हते, तरी एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस मोजतो. त्याआधी लोकप्रिय असलेल्या लोटस १-२-३ या प्रणालीत ती चूक होती, आणि तिच्या फायली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून ती तशीच ठेवली गेली. ॲक्सेसचा आरंभबिंदू दोन दिवस आधी का, याचा उलगडाही इथेच होतो: १ मार्च १९०० पासून पुढे एक्सेल आणि ॲक्सेस यांचे आकडे तंतोतंत जुळतात.

तारीख ही संख्या आहे हे एकदा ध्यानात आले, की दोन तारखांची वजाबाकी करता येते, कोणती आधीची हे ठरवता येते आणि एखादी तारीख दोन टोकांच्या मध्ये आहे का तेही तपासता येते. पुढची सगळी मोजणी या तीन क्रियांवर उभी आहे.

३. पदावली, अट आणि रिकामा रकाना

शाळेत ‘१२ + ८ ÷ ४’ यासारखी पदावली सोडवून एक किंमत काढतात. डेटाबेसमधली पदावली, म्हणजे एक्स्प्रेशन, हीच गोष्ट करते. फक्त तिच्यात आकड्यांच्या जोडीला रकान्यांची नावे येतात. ‘नोंदणीतारीख – जन्मतारीख’ ही पदावली नोंद १ साठी ३ दिवस देते (पूर्ण दिवस धरले तर) आणि नोंद २ साठी ७. ‘जन्मतारीख ≥ १ मार्च २०२३’ हीसुद्धा पदावलीच आहे, पण तिची किंमत संख्या नसून ‘खरे’ किंवा ‘खोटे’ अशी येते. अशा पदावलीला अट म्हणतात. मोजणी म्हणजे प्रत्येक नोंदीपुढे अट ठेवायची आणि जिथे उत्तर ‘खरे’ येईल तिथे एक धरायचा.

आज बहुतेक डेटाबेस ज्या भाषेत प्रश्न घेतात, ती एसक्यूएल भाषा आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉयस यांनी १९७० च्या दशकात घडवली. तिचा पाया एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधारित रचनेत आहे. एसक्यूएलमध्ये मोजण्यासाठी ‘काउंट’ आणि अट घालण्यासाठी ‘व्हेअर’ हे शब्द आहेत. ॲक्सेसमध्ये फॉर्मवरच्या एका चौकटीत उत्तर हवे असेल, तर ‘डीकाउंट’ हे फंक्शन वापरतात. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: काय मोजायचे, कोणत्या टेबलात, आणि कोणत्या अटीवर. एक्सेलमध्ये हेच काम ‘काउंटइफ्स’ करते. नावे निराळी, पण आतली अट एकच. या प्रकरणात अटी मराठी शब्दांत लिहिल्या आहेत. संगणकावर टंकताना त्या-त्या प्रणालीचे शब्द घ्यायचे.

नोंद ६ इथे महत्त्वाची ठरते. तिच्या नोंदणीतारखेच्या रकान्यात शून्य नाही, कोरी जागा आहे. अशा जागेला ‘नल’ म्हणतात, म्हणजे किंमत माहीत नाही. ‘मार्चमध्ये नोंदवल्या’ अशी अट घातली तर उत्तर ४ येते. ‘मार्चमध्ये नोंदवल्या नाहीत’ अशी उलट अट घातली तर उत्तर २ यावे असे वाटते, पण संगणक १ सांगतो, फक्त नोंद ५. चार आणि एक पाच, नोंदी तर सहा. नोंद ६ हरवलेली नाही. अज्ञात तारखेबद्दल ‘मार्चमध्ये आहे’ हेही खरे म्हणता येत नाही आणि ‘मार्चमध्ये नाही’ हेही, म्हणून ती दोन्हीकडून सुटते. तिला मोजायचे तर ‘नोंदणीतारीख रिकामी आहे’ अशी वेगळी अट लिहावी लागते.

याच कारणाने ‘काउंट’चे दोन प्रकार वेगळे उत्तर देतात. कंसात तारांकन लिहिले तर सगळ्या ओळी मोजल्या जातात, म्हणजे ६. कंसात रकान्याचे नाव, समजा नोंदणीतारीख, लिहिले तर फक्त भरलेल्या जागा मोजल्या जातात, म्हणजे ५.

४. महिन्याचा शेवटचा दिवस

तारखेच्या मोजणीत सर्वाधिक चुका महिन्याच्या शेवटी होतात, म्हणून इथे थोडे थांबणे आवश्यक आहे. मार्चची अट बहुतेक जण सहजपणे अशी लिहितात:

नोंदणीतारीख १ मार्च २०२३ आणि ३१ मार्च २०२३ यांच्या दरम्यान

एसक्यूएलमधील ‘बिटवीन’ दोन्ही टोके धरतो, त्यामुळे ही अट निर्दोष वाटते. नमुन्यावर ती चालवली की उत्तर येते ३. नोंद ४ गळाली. ‘३१ मार्च २०२३’ असे वेळेविना लिहिले की संगणक त्याचा अर्थ त्या दिवसाची सुरुवात, म्हणजे रात्रीचे बारा, असा घेतो. आकड्यांत ती ४५,०१६.०००० आहे आणि नोंद ४ आहे ४५,०१६.७०१४. ती सीमेच्या पलीकडे पडते. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मध्यरात्रीनंतर झालेले सगळे काम अशा मोजणीत नाहीसे होते. आर्थिक वर्षाअखेरीस, ३१ मार्चला, सरकारी कार्यालयांत कामाची गर्दी असते. नेमका तोच दिवस गळावा ही या चुकीची खरी हानी. शिवाय इथे आलेले ३ हे उत्तर जन्मतारखेच्या मोजणीतल्या ३ शी जुळते. नोंदी वेगळ्या असूनही आकडा तोच, त्यामुळे कोणालाही शंका येत नाही.

दुरुस्ती म्हणून काही जण शेवटचे टोक ‘३१ मार्च, २३ वाजून ५९ मिनिटे ५९ सेकंद’ असे लिहितात. तरीही शेवटच्या सेकंदातील अपूर्णांक सुटतो. तो धरण्यासाठी ‘५९.९९९’ लिहिले, तर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये उलटाच प्रकार घडतो. त्याच्या जुन्या ‘डेटटाइम’ प्रकारात वेळ सेकंदाच्या सुमारे तीनशेव्या भागापर्यंतच साठते. ५९.९९९ ही किंमत जवळच्या साठवता येणाऱ्या किमतीकडे सरकते, आणि ती असते १ एप्रिलची मध्यरात्र. मग एप्रिलच्या पहिल्या क्षणाची नोंद मार्चमध्ये घुसते.

निर्धोक रीत एकच आहे. महिन्याचा शेवट शोधायचाच नाही. पुढच्या महिन्याची सुरुवात घ्यायची आणि तिला बाहेर ठेवायचे:

नोंदणीतारीख ≥ १ मार्च २०२३ आणि नोंदणीतारीख < १ एप्रिल २०२३

पहिले चिन्ह ‘मोठे किंवा समान’, दुसरे फक्त ‘लहान’. या अटीने उत्तर ४ येते. रकान्यात वेळ असो वा नसो, सेकंदाचे कितीही बारीक भाग साठवलेले असोत, अट बदलावी लागत नाही. फेब्रुवारी २८ दिवसांचा की २९ चा, हा विचारही करावा लागत नाही. शिवाय एका महिन्याचा शेवट हीच पुढच्याची सुरुवात असल्यामुळे बारा महिन्यांची बेरीज वर्षाच्या मोजणीशी बरोबर जुळते. कोणतीही नोंद दोनदा येत नाही आणि कोणतीही सुटत नाही.

दुसरी एक वाट आहे: प्रत्येक तारखेतून महिना आणि वर्ष काढायचे आणि ‘महिना ३ आणि वर्ष २०२३’ अशी अट घालायची. उत्तर बरोबर येते. पण लाखो नोंदी असतील तर ही रीत मंद पडते. डेटाबेस तारखांची क्रमाने लावलेली सूची, म्हणजे इंडेक्स, ठेवू शकतो. टोकांची अट दिली तर तो सूचीत थेट १ मार्चपाशी जातो आणि १ एप्रिल येताच थांबतो. रकान्यावर फंक्शन चढवले की सूचीचा उपयोग सहसा होत नाही; त्याला प्रत्येक नोंद उघडून तिचा महिना काढून पाहावा लागतो.

५. ४ मार्च की ३ एप्रिल?

अटीत तारीख कशी लिहायची, हाही प्रश्न वाटतो त्यापेक्षा खोल आहे. भारतात ४/३/२०२३ म्हणजे ४ मार्च. अमेरिकेत तेच ३ एप्रिल. ॲक्सेसमध्ये अटीतली तारीख दोन ‘#’ चिन्हांच्या मध्ये लिहितात, आणि एसक्यूएल मजकुरात ती अमेरिकी क्रमाने वाचली जाते, संगणकाची प्रादेशिक मांडणी भारतीय असली तरीही. भर म्हणजे १७/३/२०२३ लिहिले तर सतरावा महिना नसतो हे ओळखून ॲक्सेस निमूटपणे १७ मार्च धरतो. त्यामुळे चूक फक्त महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत होते आणि तेराव्यापासून सगळे सुरळीत दिसते. चाचणीसाठी कोणी २५ तारीख निवडली, तर दोष सापडतच नाही.

यावर उतारा म्हणजे वर्ष आधी लिहिणे: २०२३-०३-०४. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ मध्ये आले, त्याने हाच क्रम ठरवून दिला. त्यात दोन अर्थ निघत नाहीत. तारखा मजकूर म्हणून साठवल्या गेल्या असतील, तर या क्रमाचा आणखी एक लाभ होतो. ‘०१/०४/२०२३’ आणि ‘३१/०३/२०२३’ हे दोन मजकूर संगणक डावीकडून अक्षर-अक्षर ताडून पाहतो आणि एप्रिलला मार्चच्या आधी बसवतो. ‘२०२३-०४-०१’ आणि ‘२०२३-०३-३१’ मात्र मजकूर असूनही योग्य क्रमाने लागतात. तरी तारखेच्या रकान्याला तारखेचाच प्रकार देणे केव्हाही चांगले, कारण मजकुराच्या रकान्यात ‘३१ फेब्रुवारी’सुद्धा मुकाट्याने साठते.

६. एकाच फेरीत अनेक मोजण्या

जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ या कायद्याखालील व्यवस्थेत जन्माची माहिती २१ दिवसांत द्यावी लागते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते, ३० दिवसांनंतर वर्षभराच्या आत लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटून गेल्यावर दंडाधिकाऱ्याचा आदेश. म्हणून निबंधकाला एका महिन्याच्या एका आकड्यापेक्षा ‘वेळेत किती, शुल्कासह किती, परवानगीने किती’ हे एकत्र हवे असते.

प्रत्येकासाठी वेगळी मोजणी चालवता येते, पण एकाच फेरीत सगळे काढणे सोपे आहे. युक्ती अशी: अट खरी असेल तर १ आणि नसेल तर ० देणारी पदावली लिहायची आणि तिची बेरीज घ्यायची. एसक्यूएलमध्ये त्यासाठी ‘केस’ ही रचना आहे, ॲक्सेसमध्ये ‘आयआयएफ’ हे फंक्शन:

वेळेत = बेरीज (फरक २१ पर्यंत असेल तर १, नाहीतर ०)
शुल्कासह = बेरीज (फरक २१ पेक्षा जास्त आणि ३० पर्यंत असेल तर १, नाहीतर ०)
परवानगीने = बेरीज (फरक ३० पेक्षा जास्त आणि वर्षाच्या आत असेल तर १, नाहीतर ०)

नमुन्यातील फरक क्रमाने ३, ७, ३५, २३ आणि ६ दिवस आहेत. नोंद ६ चा फरक अज्ञात. त्यामुळे वेळेत ३, शुल्कासह १, परवानगीने १. एकूण पाच, आणि एक बाकी.

इथे ‘बेरीज’च्या जागी ‘काउंट’ लिहिण्याची चूक फार होते. काउंट भरलेल्या किमती मोजतो, आणि ० हीसुद्धा भरलेली किंमत आहे. त्यामुळे तिन्ही ओळी ६ असे उत्तर देतात. काउंटच वापरायचा असेल, तर ‘नाहीतर’च्या जागी शून्य न देता नल द्यावे लागते. ॲक्सेसमध्ये आणखी एक विशेष असा, की तिथे ‘खरे’ची किंमत १ नसून उणे १ आहे. ‘आयआयएफ’ न वापरता थेट अटीची बेरीज केली, तर मोजणी उणे येते. मग उणे चिन्ह काढून टाकावे लागते.

वजाबाकीतही वेळेचा अपूर्णांक अडथळा आणतो. १ मार्चला जन्मलेल्या बाळाची नोंदणी २२ मार्चला दुपारी तीन वाजता झाली, तर सरळ वजाबाकी २१.६२५ देते आणि ‘२१ पर्यंत’ ही अट मोडते, जरी दिनदर्शिकेप्रमाणे अंतर २१ दिवसांचेच आहे. एका पदावलीपायी कुटुंबाकडून शुल्क घेतले जाऊ नये, यासाठी आधी वेळ कापून फक्त दिवस ठेवायचा आणि मग वजाबाकी करायची. वर्षाच्या मर्यादेसाठी ३६५ ही संख्या वापरणेही धोक्याचे. १ मार्च २०२३ पासून १ मार्च २०२४ पर्यंत ३६६ दिवस होतात, कारण मध्ये २९ फेब्रुवारी २०२४ येतो. जन्मतारखेत एक वर्ष मिळवून येणाऱ्या तारखेशी तुलना करणे बरोबर. ‘डेटडिफ’ या फंक्शनकडून वर्षांतला फरक मागणेही टाळावे: ॲक्सेस आणि एसक्यूएल सर्व्हर या दोन्हींत ते किती वेळा वर्ष बदलले एवढेच मोजते. ३१ डिसेंबर आणि लगेचचा १ जानेवारी यांच्यात त्याच्या मते एक वर्षाचा फरक असतो.

७. महिनेवार आणि आर्थिक वर्षानुसार

सगळ्या महिन्यांचे आकडे एकदम हवे असतील, तर ‘ग्रुप बाय’ वापरतात. त्याला एक पदावली द्यायची. तिची किंमत समान असलेल्या नोंदी एका गठ्ठ्यात पडतात आणि प्रत्येक गठ्ठ्याची मोजणी मिळते. पदावली फक्त ‘महिना’ अशी दिली तर २०२२ आणि २०२३ चे मार्च एकत्र होतात, म्हणून वर्ष आणि महिना दोन्ही द्यायचे.

भारतातील आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्यासाठी एक सुबक पदावली आहे: तारीख तीन महिने मागे न्यायची आणि मग तिचे वर्ष घ्यायचे. ३१ मार्च २०२३ मागे जाऊन ३१ डिसेंबर २०२२ होतो, म्हणजे तो २०२२-२३ मध्ये पडतो. ३ एप्रिल २०२३ मागे जाऊन ३ जानेवारी २०२३ होतो, म्हणजे २०२३-२४. नोंद ४ आणि नोंद ५ यांच्यात तीनच दिवस आहेत, पण त्या दोन वेगळ्या आर्थिक वर्षांत जातात.

८. ज्या दिवशी काहीच झाले नाही

दिवसवार गट केले, तर मार्चच्या यादीत १, ६, १७ आणि ३१ या चारच ओळी दिसतात. उरलेले २७ दिवस शून्य म्हणूनही दिसत नाहीत, कारण नोंदच नसेल तर गठ्ठाही नसतो. या यादीवरून रोजची सरासरी काढली तर ती १ येते. खरी सरासरी ४ भागिले ३१ आहे.

उपाय म्हणून दिनदर्शिकेचे एक वेगळे टेबल करतात, ज्यात प्रत्येक तारखेची एक ओळ असते. मग त्या टेबलाला नोंदी अशा जोडायच्या की डावीकडचा प्रत्येक दिवस राहिलाच पाहिजे, उजवीकडे नोंद सापडो वा न सापडो. एसक्यूएलमध्ये याला ‘लेफ्ट जॉइन’ म्हणतात. तारखा जुळवण्याआधी नोंदणीतली वेळ कापायला विसरायचे नाही. आणि मोजताना तारांकन नको: रिकाम्या दिवसाचीही एक ओळ असतेच, त्यामुळे तारांकन तिथे १ सांगते. नोंदींच्या टेबलातला एखादा रकाना मोजला, तरच शून्य मिळते. दिनदर्शिकेच्या टेबलात सुट्टीचा रकाना ठेवला, तर ‘कामाच्या दिवशी सरासरी किती’ हेही त्याच जोडणीतून निघते.

९. मध्यरात्र कोणत्या घड्याळाची?

अनेक सर्व्हर भारतीय वेळ न ठेवता जागतिक समन्वित वेळ, म्हणजे यूटीसी, ठेवतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. १ मार्चच्या पहाटे दोन वाजता ऑनलाइन भरलेली नोंद सर्व्हरवर २८ फेब्रुवारी, रात्री साडेआठ अशी साठते, आणि फेब्रुवारीत मोजली जाते. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या काळातील प्रत्येक नोंद अशी एक दिवस मागे जाते. कार्यालयीन वेळेत चालणाऱ्या कामात हे जाणवत नाही. चोवीस तास चालणाऱ्या रुग्णालयात जाणवते.

जन्मतारीख ही जन्माच्या ठिकाणच्या दिनदर्शिकेतील तारीख आहे. ती वेळेविना, निव्वळ तारीख म्हणून साठवणे योग्य. तिला कोणत्याही घड्याळात रूपांतरित करायचे नाही. जन्माची वेळ लागत असेल तर तिच्यासाठी वेगळा रकाना ठेवावा आणि ती कोणत्या प्रमाणवेळेत आहे हेही लिहावे. जुनी मुंबईची रजिस्टरे संगणकावर चढवताना हे विशेष लागू पडते: भारतात प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ मुंबईत १९५५ पर्यंत वापरात होती.

नोंदणीचा क्षण मात्र यूटीसीमध्ये साठवला तरी चालतो, मोजणीच्या अटीत टोके सरकवली म्हणजे झाले. भारतातला मार्च २०२३ यूटीसीच्या घड्याळात २८ फेब्रुवारीला १८.३० वाजता सुरू होतो आणि ३१ मार्चला १८.३० वाजता संपतो. म्हणून अट अशी लिहायची:

नोंदणीतारीख ≥ २०२३-०२-२८ १८:३० आणि नोंदणीतारीख < २०२३-०३-३१ १८:३०